पन्नास वाव पाण्याखालचा किनारा



मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना, १८७०च्या दशकात, गाळाखाली झाडं सापडली. खैराची झाडं, आणि त्यांतली बरीचशी उभीच! मुळं खालच्या मातीत घट्ट रुतलेली, वर समुद्राचा चिकण गाळ. तिथली जमीनच खचली असावी, असं मानतात. पण जमीन खाली गेली काय किंवा पाणी वर आलं काय, थर लागतात ते याच क्रमानं.

आता जरा पश्चिमेकडे, भर समुद्रात चला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटरनी खाली होती. मुंबईसमोरची सुमारे ३०० किलोमीटर रुंदीची समुद्रबूड जमीन त्या वेळी बहुतेक उघडी पडलेली होती. तिथं गाळ साचणं थांबलं, उलट धूपच होऊ लागली. नद्यांनी गाळ पार कडेपर्यंत नेला आणि खोल समुद्रात लोटला. थरांमध्ये असा जो खंड पडतो, तोच भूवैज्ञानिक आधी शोधतात. समुद्र हटल्याची त्याहून बोलकी खूण नाही.

पुढे बर्फ वितळलं, पाणी चढू लागलं. मुंबईपासून दूर, साधारण पन्नास वाव खोलीवर, एक सपाट पठार आहे. तिथल्या तळाच्या नमुन्यात खसखशीसारखे गोल दाणे दिसतात. दाणा फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की मधल्या कणाभोवती चुन्याची पुटांवर पुटं दिसतात. असे दाणे घडतात ते लाटांनी सतत घुसळलेल्या, उबदार, उथळ पाण्यात. म्हणजे किनारा तेव्हा तिथं जवळच होता! आणि ते दाणे अजून गाळाखाली का गेले नाहीत? तर समुद्र आत सरकला, नर्मदा-तापीचा बहुतेक गाळ किनाऱ्याजवळच बसू लागला. तो इतक्या लांब फारसा पोचतच नाही.

समुद्राच्या चढ-उताराचा हाच खेळ कोट्यवधी वर्षांपूर्वीही चालला होता. १९७४ साली मुंबईसमोरच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'ला तेल लागलं, ते मायोसीन काळातल्या चुनखडीत. उथळ समुद्रात ती चुनखडी साचली. पाणी ओसरून ती उघडी पडे, तेव्हा पावसाच्या पाण्यानं तिच्यात पोकळ्या केल्या. मधूनमधून चिखलाचे पातळ पदर बसले. शेवटी त्यावर चिखलाचा जाड थर आला, त्याचा शेल खडक झाला, आणि पोकळ्यांमध्ये शिरलेलं तेल त्याखालीच अडकून राहिलं.