नरकाचा उपदेश कोणाला?

नरकाच्या बाबतीत आमच्या मंडळ्यांत दोन टोके दिसतात. काही पाळक वर्षभर त्याचे नावही काढत नाहीत. काही जण मैदानात लाउडस्पीकर लावून दुसरे काही बोलतच नाहीत. पहिल्यांना एवढेच सांगते, प्रभू येशू या विषयावर स्पष्ट बोलला, आपल्याला गप्प राहण्याची मुभा नाही. दुसऱ्यांशी मात्र मला भांडायचे आहे.

येशू हे कोणाला ऐकवत होता? मत्तयाच्या 23व्या अध्यायात शास्त्री-परूश्यांना. मार्काच्या 9व्या अध्यायात स्वतःच्या शिष्यांना. लूकच्या 16व्या अध्यायातल्या धनवानाने खून केला, चोरी केली, असे कुठेही लिहिलेले नाही. फोडांनी भरलेला लाजर दाराशी पडला होता आणि हा रोज चैनीत होता, एवढेच. आता पौल पाहा. लुस्त्र गावात जिवंत देवाची ओळख नसलेल्यांपुढे तो बोलतो पावसाबद्दल, पिकांच्या हंगामांबद्दल, पोटभर अन्नाबद्दल. अथेन्समध्ये न्यायाचा दिवस सांगतो, पण ज्वाळांचे वर्णन करत नाही.

चूल पेटली की आई रांगत्या लेकराला ‘हाऽ, भाजेल’ म्हणते. म्हणताना तिचा हात पुढे झालेला असतो. लेकरू घरचे, चूल घरची. उंबऱ्यात उभी राहून ती वाटसरूंना ‘भाजाल, भाजाल’ असे ओरडत नाही. आणि चुलीला भिऊन लेकरू स्वयंपाकघरातच येईनासे झाले, तर भाकरी वाढायची कोणाला?

8 जुलै 1741 रोजी अमेरिकेतल्या एन्फिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्सने केलेल्या उपदेशाचा दाखला नेहमी दिला जातो. लोकांनी इतका आक्रोश केला की त्याला मध्येच थांबावे लागले. खरे आहे. पण समोर बसलेले लोक देवळातलेच होते. शिवाय ख्रिस्ताने दयेचे दार सताड उघडले आहे, हेही त्याच उपदेशात होते. आपण ज्वाळा उचलल्या आणि दार तिथेच सोडले.

पुन्हा सांगते, नरकाचा इशारा आधी घरच्यांना. मत्तयाचा 25वा अध्याय तेवढा सांगते. तिथे डावीकडे काढलेले लोकही येशूला ‘प्रभू’ म्हणूनच हाक मारतात. पाळकबंधूंनो, येत्या रविवारी तो अध्याय काढा, आणि वाचताना नजर पहिल्या बाकावर असू द्या.