कृतज्ञतेचे मोल आणि रास्त भाव



देशासाठी लढलेल्या सैनिकाविषयी समाजाने कृतज्ञ असावे, याबद्दल कोणाचे दुमत असत नाही. दुमत सुरू होते ते या कृतज्ञतेचे मोल चुकते करण्याची वेळ आली म्हणजे. सत्कार-समारंभाला फारसा खर्च येत नाही. परंतु सरकारी खरेदीत सैनिकाला प्राधान्य द्यावयाचे, तर त्याचा भार करदात्यावर पडू शकतो. मग प्रश्न उभे राहतात. हे प्राधान्य किती भावापर्यंत द्यावे? आणि भाव रास्त आहे की नाही, हे ठरवावे कोणी? अमेरिकेत या प्रश्नांवर गेली अनेक वर्षे कार्यालयांत आणि न्यायालयांत वाद झडत आले आहेत. त्यांचा अभ्यास आपल्यालाही उपयुक्त ठरावा.

अमेरिकेने १९९९ साली कायदा करून असे उद्दिष्ट ठरविले की, केंद्र सरकारच्या एकूण कंत्राटांपैकी मूल्याने किमान ३ टक्के कंत्राटे सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना मिळावीत. उद्दिष्ट कागदावर राहिले, कारण ते गाठण्याचे साधनच अधिकाऱ्यांच्या हाती नव्हते. ते साधन २००३ च्या कायद्याने दिले. अशा उद्योगांपुरती स्पर्धा राखून ठेवण्याची मुभा मिळाली. २००६ च्या कायद्याने माजी सैनिक व्यवहार विभागापुरते आणखी एक पाऊल पुढे टाकले. या विभागासाठी जो नियम झाला, तो तेथे ‘दोनचा नियम’ म्हणून ओळखला जातो. माजी सैनिकांचे किमान दोन लघुउद्योग निविदा भरतील आणि रास्त व वाजवी भावात काम होईल, अशी सयुक्तिक अपेक्षा असेल, तर ते कंत्राट त्यांच्यासाठी राखून ठेवलेच पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

सारा वाद या ‘पाहिजे’भोवती आणि ‘रास्त’भोवती फिरला. २०१२ साली या विभागाला आपल्या चार रुग्णालय-केंद्रांसाठी आणीबाणीच्या सूचना कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचविणारी सेवा हवी होती. विभागाने सरकारच्या तयार दरसूचीतील एका कंपनीकडून भाव मागविला, तो सोयीचा वाटला आणि काम देऊन टाकले. ती कंपनी माजी सैनिकाची नव्हती. मेरीलँड राज्यातील किंगडमवेअर टेक्नॉलॉजीज या अपंग माजी सैनिकाच्या कंपनीने हरकत घेतली. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने कंपनीच्या बाजूने मत दिले. परंतु ते मत बंधनकारक नसल्याने विभागाने मानले नाही. पुढे खालच्या दोन्ही न्यायालयांत विभाग जिंकला. विभागाचे म्हणणे असे की, वार्षिक उद्दिष्ट गाठले की हा नियम लावण्याचे बंधन उरत नाही; शिवाय दरसूचीतून केलेली मागणी म्हणजे कंत्राटच नव्हे. स्वयंपाकघरातील तवे आणि भाजी चिरण्याची यंत्रे घेतानाही हा नियम पाळायचा, तर रोजचे काम अडेल, अशीही तक्रार होती.

१६ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी एकमताने हे युक्तिवाद फेटाळले. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, कायद्याने ‘पाहिजे’ म्हटले असेल, तर तेथे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव नाही. दरसूचीतील मागणी हेही कंत्राटच होय, आणि उद्दिष्ट गाठले म्हणून कर्तव्य संपत नाही. तथापि ज्या कामासाठी ही लढाई झाली, ते काम मे २०१३ मध्येच पूर्ण झाले होते. तत्त्व जिंकले, पण त्या कंपनीच्या हाती ते काम आले नाही.

तत्त्व ठरले तरी भावाचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि खरी मेख तेथेच आहे. रास्त भाव म्हणजे सर्वांत कमी भाव नव्हे. समजा, एका वस्तूचा मोठ्या कंपनीचा दरसूचीतील भाव १०० डॉलर आहे. माजी सैनिकांच्या दोन छोट्या उद्योगांनी १०८ आणि ११२ डॉलर सांगितले. केवळ शंभराशी तुलना करणारा अधिकारी दोघांनाही महाग ठरवील. परंतु मोठ्या कंपनीचा भाव प्रचंड उत्पादनावर बेतलेला असतो. लहान उद्योगाला कच्चा माल आणि भांडवल दोन्ही महाग पडते. म्हणून अधिकाऱ्याने पूर्वीचे खरेदीभाव, बाजारातील चालू भाव, सरकारचा स्वतःचा अंदाज आणि स्पर्धेत आलेल्या निविदा यांचा एकत्र विचार करावा, अशी पद्धत आहे. एवढे करूनही भाव अवाजवी आढळला, तर राखीव स्पर्धा मागे घेता येते. प्राधान्य स्पर्धेत कोणी उतरावे हे ठरविते; वाटेल तो भाव लावण्याचा परवाना ते देत नाही. आपल्याकडे कौटिल्याने देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० असा नफा ठरवून दिला होता. विक्रेता जगावा आणि ग्राहक नाडला जाऊ नये, हीच त्यामागील दृष्टी होती.

या व्यवस्थेला लागलेली कीडही पाहिली पाहिजे. २००९ साली त्याच लेखापरीक्षण कार्यालयाने १० कंपन्यांची उदाहरणे तपासली. फसवणूक किंवा योजनेचा गैरवापर करून त्यांनी सुमारे १० कोटी डॉलरची कंत्राटे मिळविल्याचे उघड झाले. नाव माजी सैनिकाचे, काम आणि नफा दुसऱ्याचा, असा हा प्रकार. अशा मधल्या दलालीने भाव फुगतो आणि बदनामी मात्र प्रामाणिक सैनिकाची होते. म्हणूनच सेवेच्या राखीव कंत्राटात मिळालेल्या रकमेपैकी ५० टक्क्यांहून अधिक रक्कम अपात्र उपकंत्राटदारांना देता येत नाही. या उद्योगांच्या प्रमाणीकरणाचे काम जानेवारी २०२३ पासून लघुउद्योग प्रशासनाकडे सोपविले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने ३ टक्क्यांचे उद्दिष्ट ५ टक्के केले. रक्कम वाढली की लोभही वाढतो. तेव्हा दक्षताही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे.

भारतात २०१२ च्या लघुउद्योग खरेदी धोरणाने वेगळा मार्ग पत्करला. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाची निविदा सर्वांत कमी भावाहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असली, तरी तोच कमी भाव मान्य करून त्याला कामाचा वाटा मिळू शकतो. यात तिजोरी सुरक्षित राहते. पण लहान उद्योगाचा जादा खर्च त्यानेच सोसावा लागतो. या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी उपलक्ष्ये आहेत. माजी सैनिकांसाठी तसे उपलक्ष्य नाही. आपले बहुसंख्य जवान ऐन कर्त्या वयात निवृत्त होतात. शिस्त आणि जबाबदारीची सवय घेऊन ते गावी परततात. त्यांच्यातील उद्योजकाला संधी द्यावयाची, तर अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा लागेल : कायद्याचा शब्द निःसंदिग्ध हवा, भाव ठरविण्याची रीत उघड हवी, आणि नावापुरत्या मालकांना दारातच अडविणारी तपासणी हवी.

सैनिकाला दान नको असते. कामाची संधी आणि केलेल्या कामाचा रास्त मोबदला एवढेच तो मागतो. तो त्याला मिळतो की नाही, हे पाहण्याचे काम केवळ सरकारचे नाही. निविदांचे नियम वाचणारा, प्रश्न विचारणारा आणि गैरव्यवहार दिसल्यास बोलणारा नागरिक हाही त्या सैनिकाचा पाठीराखा असतो. आपल्यापैकी प्रत्येकाने ते काम अंगावर घ्यावे, एवढीच अपेक्षा.