उंदराचं मूत कुणाच्या वाट्याला?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज मी उंदरावर बोलणार आहे. हसू नका. पावसाळा आला की आपली माणसं पुन्हा गटारात उतरवली जातात, म्हणून उंदरावर बोलायचं.

उंदीर आणि घुशी यांच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचे जंतू घर करतात. मळसूत्रासारखे पीळदार. उंदराला बहुधा काहीच होत नाही. तो धडधाकट फिरतो आणि मुतातून जंतू सोडत राहतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात ते कित्येक दिवस जगतात. माणसाच्या पायाला चीर असली, खरचटलं असलं, तासन् तास पाण्यात राहून कातडी मऊ पडली असली की आत शिरतात. डोळ्यांतून, तोंडातूनही शिरतात. मग बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप चढतो. डोकं ठणकतं, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात. बरेच जण बरे होतात. काहींना कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो. याचं नाव लेप्टो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. त्या दिवशी पाण्यात साहेबही होता आणि हमालही. पण साहेब एक दिवस होता. सफाई कामगार रोज असतो.

१७०० साली इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टराने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्याला ते सुचलं मैल्याचा खड्डा उपसणाऱ्या माणसाला बघून. त्याने डॉक्टरांना बजावलं, रोग्याला एक प्रश्न जास्त विचारा : तू काम काय करतोस? ३०० वर्षं उलटली. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात हा प्रश्न कितीदा विचारला जातो? नाव विचारतात, वय विचारतात, 'व्हायरल आहे' म्हणून दोन गोळ्या देतात.

आता हिशोब बघा. गटारात गुदमरून मेला तर निदान बातमी होते. अशा मरणाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख भरपाई ठरवली. पण लेप्टोने मरणारा गटारात मरत नाही. आठवड्याने घरी तापतो, पंधरवड्याने इस्पितळात जातो. दाखल्यावर ताप येतो, कावीळ येते. गटार येत नाही. ठेकेदार सुटला. त्याला काम देणारेही सुटले. कामाच्या धोक्यातून लागलेला संसर्ग भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार धरलेला आहे. पण काम कागदावर आलंच नाही, तर कायदा लावणार कशाला?

१९२७ साली महाडच्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. बाबासाहेबांनी ती बंदी मोडली. आज जनावराचं मूत मिसळलेल्या पाण्यात उतरायला आपल्याला बंदी नाही, उलट सक्ती आहे. उंदीर जात बघून चावत नाही हे खरं. पण त्याच्या मुतात कोण उभा राहणार हे जातच ठरवते.

मग करायचं काय? संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे तक्रार ठोका. गमबूट, हातमोजे मागा, फाटके घेऊ नका. काम संपल्यावर धुवायला साबण आणि स्वच्छ पाणी मागा. जखम झाकल्याशिवाय कुणाला पाण्यात पाय घालू देऊ नका. घाण पाण्यात काम झालं की ताप यायची वाट न बघता डॉक्टरला गाठा. लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिन देतात, ते घ्यायचं का विचारा. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पहिलं वाक्य हेच : "मी गटारात काम करतो." ते केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कोण उतरला, कुठे उतरला, कुणी उतरवला, ताप कधी आला. शिकलेल्या पोरांनी एवढं तरी करावं. निवेदनं बरीच दिली. आता पुरावा घेऊन जाऊ.

जय भीम!