कापणीत हात सांभाळा
(ग्रामसंघाच्या सभेत धान कापणीच्या तोंडावर केलेल्या भाषणातून)



पवनीकडे हलकं धान कापणीला आलं. आता महिनाभर आपल्या हातात विळा राहणार. विळा असतो उजव्या हातात, पण कापतं डाव्या हाताचं बोट. मग आपण काय करतो? लुगड्याची चिंधी बांधतो अन् पुन्हा पात धरतो. कारण घरी गेलं तर मजुरी बुडते.

पहिले, बोट कापूच नये यासाठी. बोथट विळ्याला जोर जास्त लागते, अन् जोरात ओढला की तो निसटते. म्हणून धार लावूनच बांधीत उतरा. दातेरी वैभव विळा असेल तर घासून घासून धार लावायची कटकट नाही. धानाची मूठ धरताना अंगठा वर ठेवा, विळा मुठीच्या वीतभर खाली चालवा. पावसानं पडलेलं धान गुंतलेलं असते, तिथं घाई नको. दोघींमध्ये अंतर ठेवा. बोलायचं असेल तर हात थांबवून बोला. सुट्टी झाली की विळा पोत्यात गुंडाळा, धुऱ्यावरच्या गवतात टाकू नका.

तरीही कापलंच, तर जखमेवर माती, तंबाखू, चुना, हळद काही लावायचं नाही. स्वच्छ पाण्यानं अन् साबणानं धुवा. धुतलेल्या कापडानं दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. सारखं उघडून पाहू नका. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल, तर लगेच दवाखाना. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं त्याच दिवशी विचारा. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच असतात, अन् आपण दिवसभर मातीतच असतो.

आता मजुरीचं. माझं म्हणणं असं, की प्रत्येक गटानं आजच ठरवावं: जिला लागलं ती दवाखान्यात जाईल, तिची पात बाकीच्या जणी काढतील, अन् ठेक्याच्या पैशात तिचा वाटा पूर्ण राहील. दहा जणींत एक पात जड नाही. गटाच्या पैशातून साबण, पट्टी, स्वच्छ कापड एका डब्यात घ्या, अन् डबा शिदोरीसोबत बांधीवर न्या.

मजुरी बुडणार नाही हे माहीत असलं, तर कोणीच जखम लपवणार नाही. ज्या गटांना हे पटते, त्यांनी आजच्या ठरावात नाव लिहून द्या.