कचेरी, संसार आणि कायद्याचा अभ्यास

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावर सहसा डॉक्टर, इंजिनियर झालेल्या मंडळींना बोलावले जाते. मी एका महाविद्यालयाच्या कचेरीतील वरिष्ठ लिपिक. प्रवेश-अर्ज तपासणे, शिष्यवृत्तीची प्रकरणे पुढे पाठविणे, सेवापुस्तकांतील नोंदी ठेवणे हे माझे १६ वर्षांचे काम. दोन मुलांची आई आहे. गेल्या वर्षी, वयाच्या ४१ व्या वर्षी, मी एलएल. बी. झाले. चिटणीस साहेब म्हणाले, "कसे केलेत, तेवढे सांगा." म्हणून तेवढेच सांगते, आणि जे जमले नाही तेही सांगते.

कायद्याकडे मी वळले ती कचेरीच्या खिडकीतून. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, म्हणून शिष्यवृत्ती अडलेली मुलगी आणि तिच्यामागे बुरख्याचे टोक हातात धरून उभी असलेली तिची आई, हे दृश्य मी दर वर्षी पाहत असे. कोणता कागद आणायचा ते मी सांगत असे. तो का लागतो आणि न मिळाल्यास दाद कोठे मागायची, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. ही उणीव मनाला लागून राहिली.

पदवीनंतरचा कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. आपल्या राज्यात त्याचा प्रवेश सीईटी परीक्षेतून होतो आणि खुल्या वर्गातील उमेदवाराला पदवीस ४५ टक्के गुण लागतात. नोकरी करणाऱ्याने आधी आपल्या संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. मी ती घेतली, आणि मगच अर्ज भरला.

दिनक्रम असा ठरला. फजरच्या नमाजनंतर तासभर वाचन, सकाळी कॉलेज, तेथून थेट कचेरी, आणि संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाच्या वेळी त्याच टेबलावर माझी वही. मुलगी तेव्हा आठवीत होती, मुलगा तिसरीत. मुलांचे अब्बा एस. टी. च्या कार्यशाळेत आहेत. रात्रीची भांडी त्यांनी आपल्याकडे घेतली. प्रथम शेजारी हसले; पुढे त्यांनाही सवय झाली.

सासूबाईंना मात्र हे पटले नव्हते. "या वयात काळा कोट घालून कोर्टात उभी राहणार का?" असे त्या विचारीत. एके रात्री मी १९३९ चा मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा मोठ्याने पाठ करीत होते. पतीचा ठावठिकाणा चार वर्षे लागला नाही, किंवा त्याने दोन वर्षे पोटगी दिली नाही, तर पत्नीला न्यायालयाकडून विवाह-विच्छेद मागता येतो, असे त्यात आहे. सासूबाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "माझ्या बहिणीचा नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. एकवीस वर्षे ती वाट पाहत बसली. हा कायदा तेव्हा होता का?"

मी म्हणाले, "होता, अम्मा."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा आणि मुलांचे डबे त्यांनी आपल्याकडे घेतले. माझ्या पदवीत निम्मा वाटा त्यांचा आहे.

आता जे जमले नाही ते. दुसऱ्या वर्षी ऐन प्रवेशाच्या गर्दीत धाकट्याला टायफॉइड झाला. कचेरी सुटत नव्हती, मूल सोडवत नव्हते, तेव्हा सुटले ते कॉलेज. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांगितली आहे. सबळ कारण असेल आणि सर्व विषयांची मिळून ६५ टक्के भरत असेल, तर प्राचार्यांना सवलत देता येते. माझी ६३ भरली. परीक्षेला बसता आले नाही आणि माझे एक सत्र गेले.

मला दुःख झाले ते सत्र गेल्याचे, पण त्याहून अधिक एका आठवणीचे. हजेरी कमी पडलेल्या कितीतरी मुलींना मी स्वतः खिडकीतून सांगितले होते, "नियम म्हणजे नियम." त्यांच्या घरी कोण आजारी होते, हे मी कधी विचारले नव्हते. नियम मोडावा असे मी आजही म्हणत नाही. पण आता दर महिन्याला हजेरीपट पाहून, काठावर आलेल्या मुलींना मी वेळीच बोलावून सांगते. वेळेवर कोणी सांगितले, तर पुष्कळांचे वर्ष वाचते.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. नोकरी सांभाळून कायद्याची पदवी मिळते, वकिली करता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यास, मोजके अपवाद वगळता, वकिली करण्याची मुभा बार कौन्सिलचे नियम देत नाहीत. सनद घ्यायची तर मला ही नोकरी सोडावी लागेल, आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागेल. नोंदणीच्या खर्चाची धास्ती आता पूर्वीइतकी उरलेली नाही. वकील कायद्यात ठरलेल्या शुल्काहून, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपयांहून, अधिक शुल्क बार कौन्सिलांना घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. खरी अडचण आहे ती दरमहाच्या पगाराची. मुलीची बारावी समोर आहे, घराचे हप्ते चालू आहेत, आणि नव्या वकिलाची पहिली काही वर्षे बहुधा ओढगस्तीचीच जातात. आमच्या घरी याचा निर्णय अद्याप झालेला नाही. सर्व काही सुरळीत पार पडले, असे खोटे चित्र मी आपल्यापुढे उभे करणार नाही.

पालकहो, आपणास माझी एकच विनंती आहे. घरातील मुलगी, सून किंवा मुलगा शिकू लागला, तर "शिकू दिले" असे म्हणू नका. त्यात उपकाराचा वास येतो, आणि उपकार माणूस केव्हाही काढून घेतो. हे घराचे काम आहे असे समजा, आणि त्यातला एक वाटा स्वतः उचला. डबा असो, भांडी असोत, की पहाटेची शांतता असो.

विद्यार्थी मित्रांनो, केरळच्या फातिमा बीवी यांचे नाव आपण ऐकले असेल. १९२३ पर्यंत या देशात स्त्रियांना वकिलीचा मार्ग कायद्याने खुला नव्हता. त्यानंतर २७ वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांनी सनद घेतली. १९५८ मध्ये मुन्सिफ झाल्या, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. सनद आणि ते पद यांमध्ये ३९ वर्षे आहेत. तेव्हा घाई करू नका, पण खंडही पडू देऊ नका.

मी न्यायमूर्ती होणार नाही. कदाचित वकीलही होणार नाही. पण परवा खिडकीत एक आई आली. तिचाही कागद नावावरून अडला होता. मी तिला खुर्ची दिली, अर्ज कोणाकडे करायचा, त्याची पोच कशी घ्यायची, नकार आल्यास पुढे कोठे जायचे, हे एका कागदावर मराठीत लिहून दिले. कागद घडी करून जपून ठेवताना तिने विचारले, "ताई, तुम्ही वकील आहात का?" मी म्हणाले, "नाही, लिपिक आहे." त्या दिवशी ते सांगताना मला संकोच वाटला नाही.