रात्रीच्या ओलिताची बॅटरी



गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू झालं, की बुलडाणा जिल्ह्यातल्या कास्तकाराची झोप विजेच्या पाळीवर ठरते. थ्री फेज रात्रीची आली, की रात्रीच शेतात जायचं, दांड फोडायचा, पाणी पुढच्या सरीत वळवायचं. मण्यार आणि घोणस दोन्ही रात्री हिंडणारे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला अस्वलाचीही धास्ती. म्हणून हातातल्या बॅटरीबद्दल आज बोलतो.

आठवडी बाजारात डब्यावर लिहिलेलं असतं, 'दोन किलोमीटर उजेड'. दोन किलोमीटरवर आपलं काय काम आहे? साप दोन पावलांवर असतो. पायापुढे पसरणारा, रात्रभर टिकणारा उजेड हवा. पन्नास ते शंभर लुमेन चालायला पुरतात. म्हणून कमी उजेडाचं बटण असलेलीच बॅटरी घ्या. पूर्ण झोतावर स्वस्त बॅटरी लवकर दम सोडते.

खरी गोम सेलमध्ये आहे. बऱ्याच स्वस्त चार्जिंगच्या बॅटऱ्यांत शिसं-आम्लाचा सेल असतो. हंगाम संपल्यावर ती उतरलेलीच खुंटीला टांगली, की पुढच्या हंगामात चार्जच होत नाही. वापरली की लगेच चार्जिंगला लावा, आणि पडून असली तरी महिन्याकाठी एकदा लावाच. त्यापेक्षा 18650 नावाचा लिथियम सेल चांगला. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, आणि बाहेर काढून बदलता येतो. मात्र त्यावर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल परत द्या. नामांकित कंपनीचा असा सेलही साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच असतो. आणि उन्हाळ्यात तो टिनाच्या छपराखाली ठेवू नका, उष्णतेने लिथियम लवकर म्हातारा होतो.

पण एकाच बॅटरीवर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद भागात पूर आला. अशा वेळी वीज गेली की चार्जिंग कुठे करणार? म्हणून साध्या पेन्सिल सेलवर चालणारी एक छोटी एलईडी बॅटरी घरात असावी. तिचे सेल काढून, कोरड्या डबीत, तिच्याशेजारीच ठेवा. आत राहिलेले सेल पाझरतात आणि पत्रा खातात. मेळघाटाकडे किंवा अंबाबरवा अभयारण्यात मुक्कामी जाणाऱ्यांनीही हीच जोडी न्यावी.

पाणी वळवताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कपाळाची बॅटरी सोयीची. पण तिच्या उजेडाने किडे तोंडावर येतात, आणि डोळ्यांच्या रेषेतून पडणाऱ्या उजेडात सावल्या दिसत नाहीत, जमीन सपाट भासते. चालताना हातातली बॅटरी कमरेखाली, तिरपी धरा. मग ढेकळाची, काडीची आणि सापाचीही सावली लांब पडते, आणि पाऊल टाकायच्या आधी डोळ्याला कळतं.