घोडा तपासणारा कोणाचा?



 दीर्घ पल्ल्याच्या घोडेस्वारीतला न्याय आणि देशादेशांतलं सहकार्य असा जोडविषय या परिषदेने घेतला आहे. माझ्या मते हा एकच विषय आहे, आणि त्याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. १६० किलोमीटरची दौड फेऱ्यांमध्ये विभागलेली असते. कोणतीही फेरी ४० किलोमीटरपेक्षा मोठी नसते आणि प्रत्येक फेरीनंतर घोडा पशुवैद्यापुढे उभा राहतो. ठरलेल्या वेळेत त्याची हृदयगती मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत उतरावी लागते, चालीत लंगडेपणा चालत नाही, अंगातलं पाणी किती घटलं आणि आतडी हलताहेत की नाहीत हेही पाहिलं जातं. अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडणारा घोडासुद्धा या तपासणीत नापास झाला, तर बाद होतो. निकालाचा शेवटचा शब्द असा पशुवैद्याचा असतो. मग त्याला नेमलं कोणी, मानधन कोण देतं, पुढच्या वर्षी त्याला बोलवायचं की नाही हे कोण ठरवतं, हे प्रश्न कारभाराचे म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने घोड्यांचे हाल आणि नियमभंग या कारणांवरून संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला निलंबित केलं. २०१६ ची जागतिक स्पर्धा दुबईहून स्लोव्हाकियातल्या शामोरिनला हलवावी लागली. यावरून हा आखाती देशांचाच दोष, असा निष्कर्ष काढणं मात्र अन्यायाचं होईल. २०१८ साली अमेरिकेत ट्रायॉनला जागतिक अश्वक्रीडा स्पर्धेत सुरुवातीलाच काही स्वारांना चुकीचा मार्ग दाखवला गेला. दौड नव्याने, कमी अंतराची करून सुरू झाली आणि उष्मा व दमटपणामुळे शेवटी रद्द झाली. एका घोड्याला दयामरण द्यावं लागलं. म्हणजे साधनांची कमतरता नसलेला अनुभवी यजमानही कोसळू शकतो. यजमानाच्या हेतूवर विसंबणारी व्यवस्थाच मुळात कच्ची आहे.

आक्षेप असा घेतला जातो की वाळवंटातली वाट सपाट, तिथे वेग वाढणारच. डोंगरवाटांवर घडलेले युरोपी नियम तिथे लादू नयेत. भूभागाचा मुद्दा खरा आहे. पण वेगावर मर्यादा आणि ६४ पेक्षा कडक हृदयगतीची अट खुद्द अबू धाबीतल्या बू थीब केंद्राने स्वतःहून आणली. त्यामागे तिथल्या राजघराण्यातले शेख सुलतान बिन झायेद होते. घोड्याच्या शरीराची मर्यादा युरोपी नाही की अरबी नाही. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: राष्ट्रीय महासंघाला निलंबित केलं की त्या देशाचा निर्दोष स्वारही भरडला जातो. हे अमान्य करण्यात अर्थ नाही. म्हणूनच शिक्षेच्या आधीची, रोजची देखरेख सामाईक हवी. सक्तीच्या विश्रांतीचंच उदाहरण घ्या. स्पर्धेनंतर घोड्याला किती दिवस पळवायचं नाही, याचे नियम आहेत. परंतु दौडीचा घोडा अनेकदा एका देशात जन्मतो, दुसऱ्यात तयार होतो, तिसऱ्यात विकला जातो. राष्ट्रीय पातळीवरच्या त्याच्या दौडी आणि दुखापती एकाच नोंदवहीत उतरत नसतील, तर नव्या मालकाच्या देशात तो कोरा घोडा म्हणून उभा राहतो आणि नियम कागदावर पाळला जातो.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. या सगळ्या काळात आपण बंदी हवी की मोकळीक, यावरच भांडलो. शर्यतीच्या घाटात उतरणारा बैल कोणी, कोणाच्या पगारावर तपासायचा, यावर फारच कमी बोललो.

या परिषदेपुढे म्हणून मी तीन मागण्या ठेवतो. मोठ्या दौडीतले निम्मे तरी पशुवैद्य यजमान देशाबाहेरचे असावेत. त्यांचं मानधन सर्व देशांनी मिळून उभारलेल्या निधीतून जावं. आणि प्रत्येक घोड्याच्या प्रत्येक तपासणीची नोंद, राष्ट्रीय दौडींसकट, सर्वांसाठी खुली असावी. खर्च कोणी किती उचलायचा यावर मतभेद होतील. त्यासाठी उद्या सकाळचं पूर्ण सत्र आम्ही, स्वागत समितीने, मोकळं ठेवलं आहे.